कडेचा मालक कोण? क्ष-किरण चित्रातील सीमारेषा आणि पेटंटची तपासणी

१/
छातीच्या क्ष-किरण चित्रात हृदयाची सावली कोठे संपते आणि फुप्फुस कोठे सुरू होते? ही रेघ शोधण्याची रीत कोणा एकाच्या मालकीची होऊ शकते काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या उत्तरासाठी तीन खंडांतील न्यायालये आणि पेटंट कार्यालये कित्येक दशके झगडत आली आहेत. वुर्झबर्गपासून मुंबईपर्यंतच्या त्या वादाचा हा इतिहास. (थ्रेड)

२/
आरंभ घराजवळून. देवळा हे नाशिक जिल्ह्यातील, गिरणेच्या खोऱ्यातले तालुक्याचे गाव. समजा, येथील एखाद्या तरुण अभियंत्याने संगणकाला ही कड शोधायला शिकवले आणि त्या पद्धतीवर पेटंट, म्हणजे शासकीय मराठीतले ‘एकस्व’, मागायचे ठरवले. महाराष्ट्रातील रहिवाशाचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात तो अर्ज उघडणाऱ्या परीक्षकापुढे काही ठरावीक प्रश्न असतात. त्या प्रत्येक प्रश्नामागे एक इतिहास आहे.

३/
८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. काही महिन्यांतच जगभरच्या रुग्णालयांत ते किरण वापरात आले. याचे एक कारण असे की, राँटगेन यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेण्यास नकार दिला. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. किरण मात्र सर्वांचेच राहिले.

४/
चित्र मिळाले, तरी त्याचा अर्थ लावण्याचे काम डोळ्यांवरच होते. डॉक्टर फिल्म प्रकाशासमोर धरीत, हृदयाच्या सावलीची रुंदी मोजीत आणि छातीच्या रुंदीशी तिची तुलना करीत. प्रौढ व्यक्तीत हृदयाची रुंदी छातीच्या निम्म्याहून अधिक भरली, तर हृदय वाढल्याची शंका घ्यावी, हा ठोकताळा आजही शिकवला जातो. म्हणजे कड शोधणे हे मुळात वैद्याच्या नजरेचे कौशल्य. नजरेवर मालकी सांगण्याचा विचार तेव्हा कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते.

५/
संगणक आला आणि चित्राचे आकडे झाले. चित्रातील प्रत्येक ठिपक्याला उजळपणाची एक संख्या मिळाली. एका ओळीत २०, २१, २०, १८०, १८२ अशा संख्या असतील, तर २० आणि १८० यांच्यामध्ये एकदम १६० ची उडी दिसते. तीच कड. १९६३ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी शेजारच्या ठिपक्यांची वजाबाकी करून कडा काढण्याची रीत मांडली. १९८६ मध्ये जॉन कॅनी यांची पद्धत प्रसिद्ध झाली. १९८७ मध्ये कॅस, विटकिन आणि टर्झोपोलस यांनी अवयवाच्या कडेला जाऊन चिकटणारी लवचीक रेषा मांडली. तिला त्यांनी ‘स्नेक’, म्हणजे साप, असे नाव दिले.

६/
येथेच पेच उभा राहतो. वजाबाकी ही कोणाची मालमत्ता नाही. पण त्याच वजाबाकीने डोळ्यांना न दिसणारी गाठ दिसू लागली, तर? १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. त्याचे जनक गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड ईएमआय या कंपनीत काम करीत आणि कंपनीने त्यासाठी १९६८ मध्येच पेटंट अर्ज केला होता. क्ष-किरण नळी, फिरता सांगाडा, संवेदक: ते यंत्र होते, त्याला पेटंट देण्यात अडचण नव्हती. प्रश्न उरला तो यंत्रातून निघालेल्या आकड्यांवरील प्रक्रियेचा.

७/
तो प्रश्न १९८२ मध्ये अमेरिकेत अबेले आणि मार्शल यांच्या अर्जावर निकाली लागला. त्यांची रीत अशी होती: एका बिंदूचे मूल्य घ्यावे, सभोवतालच्या भागाची सरासरी काढावी, दोहोंतील फरक राखाडी छटेने दाखवावा. अर्जातील ५ व्या दाव्यात एवढेच म्हटले होते. ६ व्या दाव्यात एक भर होती: हे आकडे सीटी यंत्राने मोजलेले, शरीरातून जाताना क्ष-किरण किती क्षीण झाले याचे असतील.

८/
न्यायालयाने ५ वा दावा फेटाळला आणि ६ वा मान्य केला. गणित दोन्हींत तेच होते. पहिल्या दाव्यातील आकडे कशाचेही असू शकत होते, कांद्याच्या बाजारभावाचेसुद्धा. म्हणून तो दावा प्रत्यक्षात गणितावरच होता. दुसऱ्यातील आकडे एका विशिष्ट यंत्राने, एका विशिष्ट शरीरावर मोजलेले होते. पेटंटच्या इतिहासात एका वाक्यांशाला किती वजन असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

९/
युरोपात १५ जुलै १९८६ रोजी ‘व्हायकॉम’ प्रकरणाचा निर्णय आला. विषय डिजिटल प्रतिमा सुधारण्याचा होता. ही केवळ गणिती पद्धत आहे, असे म्हणून परीक्षकांनी अर्ज नाकारला होता. अपील मंडळाने भेद असा केला: गणिती पद्धत संख्या घेते आणि संख्याच देते, तांत्रिक प्रक्रिया प्रत्यक्षातल्या वस्तूवर चालते आणि तिच्यात बदल घडवते. विद्युत संकेतांच्या रूपात साठवलेली प्रतिमाही अशी वस्तू होऊ शकते, असे मंडळाने मानले. युरोपातील संगणकविषयक पेटंटांच्या चर्चेत हा निर्णय आजही पायाभूत समजला जातो.

१०/
आता भारत. येथे पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी टंक ओतण्याच्या यंत्रांसाठी इंग्लंड-अमेरिकेत पेटंटे मिळवली. पंखा असो की ‘भिसोटाइप’, ती यंत्रे धातू-लाकडाची होती. ती कशी चालतात हे प्रत्यक्ष पाहता येई. आकड्यांवर चालणाऱ्या पद्धतीला असे अंग नसते. १९११ च्या कायद्यापुढे तसा प्रश्न कधी आलाच नाही.

११/
स्वातंत्र्यानंतर न्या. एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये पेटंट कायद्याचा सविस्तर अहवाल सादर केला. भारतातील बहुसंख्य पेटंटे परदेशी मालकांकडे होती आणि त्यांतील अनेकांचे उत्पादन येथे होतच नव्हते. पेटंट हे शोधकाला दिलेले बक्षीस खरे, पण त्याची किंमत समाज मोजतो. म्हणून काय पेटंटयोग्य नाही हे कायद्यानेच सांगावे, ही भूमिका त्यातून पुढे आली. १९७० च्या कायद्यातील कलम ३ हे तिचेच फळ. तो कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला.

१२/
कलम ३(झ), म्हणजे इंग्रजी मसुद्यातील ३(आय), माणसावरील औषधी, शस्त्रक्रियात्मक वा अन्य उपचारांच्या प्रक्रियांना पेटंटबाहेर ठेवते. २००२ च्या दुरुस्तीने त्यात ‘निदानात्मक’ हा शब्द आला. त्याच दुरुस्तीने ३(के) हे नवे कलम घातले: गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, ‘केवळ’ संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. देवळ्याच्या अर्जावर ही दोन्ही कलमे एकदमच येऊन आदळतात: एक त्यातील गणितावर, दुसरे त्यातील वैद्यकावर.

१३/
‘केवळ’ या शब्दावर बराच खल झाला आहे. संसदेच्या संयुक्त समितीने त्याचे कारण दिले होते: प्रोग्रॅमसोबत त्याला पूरक वा त्यावर आधारलेल्या इतर गोष्टीही असू शकतात, त्या नाकारण्याचा हेतू नाही. २००४ च्या अखेरच्या वटहुकुमाने हे दार अधिक उघडू पाहिले. उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरची जोड असलेल्या प्रोग्रॅमला सूट देऊ केली. २००५ मध्ये संसदेने कायदा करताना ती दुरुस्ती वगळली. म्हणजे सीमा कोठे आखायची, हे येथे लोकप्रतिनिधींनी विचारपूर्वक ठरवले.

१४/
वैद्यकाला मोकळे ठेवण्याचा हट्ट कशासाठी? अमेरिकेत सॅम्युअल पॅलिन या नेत्रतज्ज्ञाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील, टाका न घालता भरून येणाऱ्या एका छेदाचे पेटंट घेतले आणि १९९० च्या दशकात दुसऱ्या शल्यचिकित्सकावर दावा लावला. हातात शस्त्र घेतलेल्या डॉक्टराने आधी परवाना शोधावा काय, या प्रश्नाने तेथील वैद्यकविश्व हादरले. पॅलिन यांना यश आले नाही आणि १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने डॉक्टरांना अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा केला. भारतात तो धोका कलम ३ ने आधीच टाळला होता.

१५/
पण कड शोधणे म्हणजे निदान करणे काय? युरोपच्या विस्तारित अपील मंडळाने २००५ मध्ये निदानाच्या पायऱ्या वेगळ्या केल्या: तपासणी करून माहिती घेणे, तिची प्रमाणाशी तुलना करणे, फरक ओळखणे आणि त्या फरकावरून रोग ठरवणे. या सर्व पायऱ्या दाव्यात असतील, तरच तो निषिद्ध. भारतातील कलमाची शब्दरचना निराळी आहे. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले की, चाचणी शरीरात होते की शरीराबाहेर, हा निकष नव्हे; त्या प्रक्रियेतूनच रोगाची ओळख पटते काय, हे पाहावे.

१६/
गणिताच्या बाजूनेही वारे बदलत गेले. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत संगणकाधारित शोधासाठी नव्या हार्डवेअरची अपेक्षा होती. २०१७ मध्ये ती काढण्यात आली. १२ डिसेंबर २०१९ रोजी फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. प्रतिभा एम. सिंह यांनी स्पष्ट केले की, शोध प्रोग्रॅमवर आधारलेला आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. त्याचा तांत्रिक परिणाम तपासावा लागतो. तो अर्ज २००२ मध्ये दाखल झाला होता. निकाल येईपर्यंत १७ वर्षे लोटली होती.

१७/
आता परीक्षकाच्या टेबलाशी परत. तो अर्जातील दावे एकेक करून वाचतो. ‘प्रतिमेतील शेजारच्या मूल्यांचा फरक काढून सीमारेषा ठरवण्याची पद्धत’ एवढेच लिहिले असेल, तर रॉबर्ट्स आणि कॅनी समोर उभे राहतात: नावीन्य नाही, शिवाय ते गणित आहे. ‘सीमारेषेवरून हृदयविकार ओळखण्याची पद्धत’ असे लिहिले, तर निदानाचे कलम आडवे येते. दोन बाजूंच्या या दोन भिंतींमधून वाट काढावी लागते.

१८/
ती वाट म्हणजे नेमकेपणा. हलक्या यंत्रावर, कमी किरणमात्रेत घेतलेल्या धूसर चित्रात आधीच्या पद्धती कोठे चुकत होत्या? नव्या रचनेत कोणती पायरी बदलली? तिच्यामुळे संगणकाचा वेळ किंवा चित्रातील दोष प्रत्यक्षात किती घटला? याची उत्तरे मूळ विवरणातच असावी लागतात. मागाहून दावा आकुंचित करता येतो. मुळात न सांगितलेली गोष्ट मात्र नंतर घुसडता येत नाही.

१९/
परीक्षकाच्या आक्षेपांचा पहिला अहवाल आला की, उत्तराला सहा महिने मिळतात. पुढे सुनावणी होते. अर्ज फेटाळला, तर उच्च न्यायालयात अपील करता येते. उलट दिशेचेही एक दार आहे: अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्यापूर्वी, कोणतीही व्यक्ती त्याला कलम २५(१) खाली विरोध नोंदवू शकते. तो विरोधक स्पर्धक कंपनीच असावा, अशी अट नाही. रुग्णांची संघटना किंवा एखादा विद्यार्थीही असू शकतो.

२०/
आज हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग चाचपणीसाठी, छातीचे चित्र संगणकाने वाचण्याच्या पद्धतीची शिफारस केली. अशी प्रणाली बनवणाऱ्यांपैकी ‘क्युअर डॉट एआय’ ही कंपनी मुंबईचीच, २०१६ साली स्थापन झालेली. क्ष-किरण यंत्र आहे, पण चित्र वाचणारा तज्ज्ञ दूरच्या शहरात आहे, अशा तालुक्याच्या गावी या प्रणालीचे मोल सर्वाधिक. ती कोण बनवू शकेल आणि ती काय भावाने मिळेल, यांत पेटंटच्या दाव्यातील शब्दांचाही वाटा असतो.

२१/
दावा फार रुंद झाला, तर उद्याच्या संशोधकाची वजाबाकीसुद्धा परवान्यात अडकेल. फार अरुंद झाला, तर वर्षानुवर्षे खपून धूसर चित्रातली कड शोधणाऱ्याच्या हाती काही उरणार नाही. म्हणून कायद्याने गणित आणि वैद्याचे निदान सर्वांसाठी राखले आणि त्यापलीकडच्या शोधाला २० वर्षांचा अधिकार देऊ केला. त्या बदल्यात शोधकाने आपली रीत पूर्णपणे उघड लिहून द्यायची असते. प्रसिद्ध झालेले विवरण देवळ्यातला विद्यार्थीही वाचू शकतो आणि मुदत संपली की ती रीत त्याचीही होते. (समाप्त)