दोघांच्या पायऱ्यांचा हिशेब

संगणकाच्या जाळ्यावरील ज्या कल्पित मुलखांत हजारो माणसे एकाच वेळी वावरतात, तेथे गेल्या पंचवीस वर्षांत एक चमत्कारिक वहिवाट रुजली आहे. नवरा-बायकोने, किंवा पुढेमागे तसे होऊ घातलेल्या दोघांनी, एकाच संध्याकाळी पहिल्या लेव्हलची दोन नवी पात्रे निर्माण करावयाची आणि मग दोघेही हजर असतील तेव्हाच ती खेळावयाची. एक जण परगावी असला, आजारी असला किंवा नुसता कंटाळलेला असला, तरी दुसऱ्याने आपल्या एकट्याच्या जुन्या पात्रावर वाटेल तेवढी रात्र जागवावी, पण जोडीच्या पात्राला हात लावू नये. कोणा कंपनीच्या नियमावलीत हे कलम लिहिलेले नाही. प्रेमी जीवांची हौस म्हणून त्याची बोळवण करण्याचा मोह सहज होतो. परंतु या खेळांचे जुने दप्तर चाळले म्हणजे ध्यानात येते, की या वहिवाटीचा उगम अनुभवाच्या वाटणीत आहे, आणि ती वाटणी ठरविणाऱ्यांना दोनच माणसांची टोळी असू शकते हे फार उशिरा सुचले.

या हिशेबाचे मूळ संगणकात नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा मेजाभोवती बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला, आणि राक्षस मारल्याबद्दल व खजिना हस्तगत केल्याबद्दल अनुभवाचे गुण, गुण साचले की वरची लेव्हल, ही जमाबंदी त्यात मांडली गेली. गुण टोळीतल्यांत वाटले जात. तथापि लेव्हल चढण्याचा भाव ज्याच्या त्याच्या पेशाप्रमाणे निराळा असे. दुसऱ्या लेव्हलसाठी धर्मोपदेशकाला १५०० गुण पुरत, योद्ध्याला २००० लागत आणि मांत्रिकाला २५००. वाटणी कितीही काटेकोर झाली तरी एक आधी वर जाणार आणि दुसरा मागे राहणार हे ठरलेलेच होते. पाच-सहा जणांच्या टोळीत ते खपून जाई, एवढेच.

इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रुबशॉ या विद्यार्थ्याने सुरू केलेला आणि रिचर्ड बार्टल याने पुढे वाढविलेला ‘मड’ हा केवळ अक्षरांवर चालणारा खेळ आजच्या सगळ्या मुलखांचा मूळपुरुष होय. त्यात खजिन्याची वस्तू शोधून ती दलदलीत नेऊन टाकली, की टाकणाऱ्याच्या नावावर गुण जमा होत, आणि पुरेसे जमले म्हणजे खेळाडू ‘विझर्ड’ ही सर्वाधिकाराची पदवी पावे. वस्तू दोघांनी मिळून शोधली तरी टाकणारा हात एकच, आणि जमा त्याच्याच खात्यात. भागीदारी ही कल्पनाच तेथे नव्हती.

जोडप्यांची खरी पंचाईत झाली ती मार्च १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ सुरू झाल्यावर. सहा जणांची टोळी गृहीत धरून रचलेला हा मुलूख निष्ठुर होता. मरण आले की साठलेला अनुभव वजा होई, प्रसंगी लेव्हलही उतरे, आणि अंगावरच्या सगळ्या सामानासह मृतदेह जेथे पडला तेथेच राही. तो परत मिळविण्यासाठी उघड्यावाघड्या अवस्थेत त्याच शत्रूंच्या गर्दीतून पुन्हा जावे लागे. वरच्या लेव्हलचा धर्मोपदेशक मृताला उठवून गमावलेला बहुतेक अनुभव परत देऊ शके, त्यामुळे ज्या घरात दोघांपैकी एकाने हा पेशा पत्करलेला असे, त्या घराचा इतरांना हेवा वाटत असला तर नवल नाही. पण हिशेबाची मेख निराळीच होती. रेंजर, पॅलाडिन असल्या मिश्र पेशांना लेव्हल चढण्यासाठी चाळीस टक्के अधिक अनुभव लागे, आणि टोळीतली वाटणी प्रत्येकाच्या साठलेल्या एकूण अनुभवाच्या प्रमाणात होत असल्यामुळे हा भुर्दंड साथीदाराच्याही हिश्शातून वसूल होई. नवऱ्याने हौसेने रेंजर व्हावे आणि त्याची पट्टी बायकोने भरावी, असा हा कारभार होता.

याहून कठोर कलम दीडपटीचे. टोळीत खालच्या लेव्हलच्या दीडपटीपलीकडे वरचा गेला, की खालच्याला त्या टोळीत काहीही मिळत नसे. बायको विसाव्या लेव्हलवर असताना नवरा चार दिवसांची रजा घेऊन एकतिसाव्यावर जाऊन बसला, की एका घरात शेजारी-शेजारी बसलेल्या त्या दोघांचे एकत्र खेळणे त्या मुलखाच्या दृष्टीने निरर्थक झाले. मागे राहिलेल्याने एकट्याने धापा टाकीत गाठावे, किंवा दोघांनीही पहिल्या लेव्हलपासून नवी पात्रे काढावीत, असे दोनच मार्ग उरत. नव्या जोडपात्रांची वहिवाट याच दीडपटीच्या पोटी जन्मली, असे माझे मत आहे. आणि ज्यांना एकदा ती पुढे-मागे होण्याची शिक्षा भोगावी लागली, त्यांनीच ‘एकट्याने खेळावयाचे नाही’ ही अट सर्वांत निष्ठेने पाळली असणार. निक यी या अभ्यासकाने त्या काळी खेळाडूंची जी पाहणी केली, तीत आपल्या जोडीदारासह खेळणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत पुष्कळच अधिक आढळले होते. म्हणजे वाटणीच्या या कलमांचा काच कोणाला अधिक जाणवत होता, हे निराळे सांगावयास नको.

कोरियात २००२ साली आलेल्या ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ने जोडप्याची दखल घेतली, पण ती समारंभाच्या वाटेने: चर्चमध्ये लग्न, नावे कोरलेल्या अंगठ्या, दूर असलेल्या जोडीदाराला आपल्यापाशी बोलावून घेणारी विद्या, आणि पुढे तिसऱ्या खेळाडूला दत्तक घेण्याचीही सोय. लेव्हलचे अंतर ठराविक मर्यादेत असेपर्यंतच समान वाटणी, हा नियम मात्र विवाहितांनाही चुकला नाही. हा खेळ काही काळ भारतातही रीतसर चालविला गेला. लग्न लावून देणारे आणि पोट मात्र वेगळे ठेवणारे हे खेळकर्ते मला फारसे उदार वाटत नाहीत.

नोव्हेंबर २००४ मध्ये अवतरलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये एकट्यालाही निभाव लागे, आणि म्हणूनच दोघांना सुखाने राहता येई. येथे तिघांपासून पुढच्या टोळीला जादा अनुभवाची बक्षिसी होती. दोघांना ती नव्हती, प्रत्येक शिकारीचे सरळ दोन भाग पडत. परंतु सोपविलेले काम पुरे केल्याचा अनुभव दोघांनाही पुरता मिळे, आणि मारलेले शत्रू दोघांच्याही खात्यात मोजले जात. कातडी किंवा नखे गोळा करावयाची असली म्हणजे मात्र दोघांचा भार भरेपर्यंत शिकार दुप्पट. मुरलेली जोडपी असली कामे टाळीत.

विश्रांतीच्या अनुभवाची कथा या संदर्भात सांगण्याजोगी आहे. चाचणीच्या काळात खेळकर्त्यांनी अतिखेळाला आळा घालण्यासाठी असे योजिले होते, की काही वेळाने शिकारीचा अनुभव निम्मा व्हावा. खेळाडू संतापले. तेव्हा आकड्यांचे परस्परप्रमाण तसेच ठेवून त्यांनी निम्म्याला पूर्ण म्हटले आणि पूर्ण होते त्याला विश्रांतीचे दुप्पट फळ म्हटले, आणि तक्रार मिटली. कोणत्याही महसूल खात्याला शोभेल असे हे चातुर्य. सराईत निजलेल्या पात्राची ही विश्रांती दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्क्यांनी वाढे, जास्तीत जास्त दीड लेव्हलपर्यंत. त्यामुळे एकाच सराईत एकाच वेळी खेळ थांबविणाऱ्या दोघांचे पारडे आपोआप सम राही.

दोघांनी भिन्न वंश निवडला तर मात्र पहिलीच संध्याकाळ खडतर. मानवी पात्र स्टॉर्मविंडजवळ जन्मे आणि रात्र-एल्फ समुद्रापलीकडच्या टेलड्रासिलच्या महावृक्षावर. दोघांना एकत्र, आपल्या लेव्हलच्या आसपासच्या शत्रूंवर गुण मिळवावयाचे असतील तर दोघांपैकी एकाने स्थलांतर केलेच पाहिजे; तेव्हा त्या कोवळ्या पात्राने ऑबरडीनहून जहाजाने मेनेथिल बंदरात उतरावे, वीस-पंचवीस लेव्हलच्या सुसरींनी भरलेल्या पाणथळातून जीव मुठीत धरून पळावे, दोन-तीनदा मरावे, डोंगरातल्या बोगद्यांतून आयर्नफोर्ज गाठावे आणि तेथून भुयारी गाडीने स्टॉर्मविंडला यावे. शिकारीचा एकही गुण पदरात न पडणारा हा प्रवास जोडप्यांनी हौसेने केला, आणि जुने खेळाडू आजही त्याचे वर्णन दिंडीच्या वाटेसारखे मुक्कामवार करतात.

ज्या करारापाशी मला अधिक थांबावेसे वाटते, तो ‘सिटी ऑफ हीरोज’मधला. एप्रिल २००४ मध्ये सुरू झालेल्या या खेळाने आरंभापासूनच कनिष्ठ साथीदाराला तात्पुरते वरिष्ठाच्या एका लेव्हलखाली उचलून घेण्याची सोय केली होती. २००८ च्या अखेरीस त्याने एक पाऊल पुढे टाकले: पाचव्या लेव्हलच्या आतील दोन नव्या पात्रांनी आपसांत करार करावा, आणि त्यानंतर दोघांपैकी कोणीही, केव्हाही, दुसरा झोपलेला असतानासुद्धा जे कमावील, ते दोघांच्या खात्यांत सारखे पडावे. आपल्याकडच्या मिताक्षरा पद्धतीच्या अविभक्त कुटुंबाची समाईक मिळकत जाणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, परंतु प्रत्येक गुण ज्याच्या त्याच्या नावावर लिहिण्याच्या तीस वर्षांच्या दप्तरात ही नोंद एकाकी आहे. गंमत अशी, की या कराराने ‘एकट्याने खेळावयाचे नाही’ या दंडकाची गरजच उरली नाही, आणि तरी तो इतरत्र टिकून राहिला. तो खेळ नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीस बंद पडला.

त्याच २००८ साली वॉरक्राफ्टने मित्राला भरती करणाऱ्यांस, एकत्र खेळताना, तिप्पट अनुभव देऊ केला. योजना दोघांसाठी होती. अनेक एकट्या खेळाडूंनी दुसरे खाते स्वतःच विकत घेऊन दोन खिडक्यांतून आपणच आपली जोडी जमविली. पुढे ‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२ पासून वरच्या लेव्हलच्या पात्राला प्रदेशानुसार खाली उतरविले, २०१९ मध्ये वॉरक्राफ्टनेही टोळीला एका पातळीवर आणण्याची सोय केली, आणि दीडपटीचे भय इतिहासजमा झाले.

पण त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये वॉरक्राफ्टच्या कंपनीने आपला जुना मुलूख जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा उघडला, तोच साठ लेव्हलचा चढ, तीच वाटणी, त्याच सुसरी. पहिल्या रात्री गर्दी एवढी उसळली, की एकेका शत्रूसमोर खेळाडूंनी आपण होऊन रांगा लावल्या, आणि पंधरा वर्षांपूर्वीची कलमे ठाऊक असलेली जोडपी त्या रांगांत टोळी करूनच उभी राहिली. कारण दोघांपैकी एकाचा नंबर लागला, की शिकार दोघांच्याही खात्यात मांडली जात होती.