रुपया, वतन आणि कामाचे तास

बाबासाहेबांमधल्या अर्थशास्त्रज्ञाला राजकारणाने गिळले, अशी हळहळ विद्यापीठीय मंडळी व्यक्त करतात. आपण त्यांच्या पदव्या अभिमानाने मोजतो, पण त्यांचे अर्थशास्त्रीय ग्रंथ उघडत नाही. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते. प्राध्यापक, संपादक आणि मंत्री या तिन्ही भूमिकांत बाबासाहेब एकच हिशेब मांडत होते : राबतो कोण आणि लाभ कोणाच्या पदरी पडतो?

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षीच्या लहान शेतीवरील निबंधात त्यांनी दाखवले, की शेताचा लहानमोठेपणा नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर किती हात आणि किती भांडवल आहे, यावर ठरतो. रिकाम्या हातांना उद्योगधंद्यांत काम मिळाल्याशिवाय शेती सुधारणार नाही. १९२३ च्या रुपयावरील प्रबंधातही हीच दृष्टी आहे. रुपया घसरला की निर्यातदार खूश होतो; पण भाव चढतात, मजुरी मागे राहते. म्हणजे हा नफा देशाचा नव्हे, मजुराच्या ताटातून काढलेला. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष देतानाही त्यांनी रुपयाच्या स्थैर्याचाच आग्रह धरला.

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. पुढे १९२७ साली ‘बहिष्कृत भारता’त त्यांनी महारवतनाची चिकित्सा केली. वारसांत तुकडे होत गेलेली जमीन आणि बलुत्याचे चार दाणे, यांच्या बदल्यात सरकार आणि गाव सबंध घराण्याचे अहोरात्र श्रम घेत होते. गाव ज्याला हक्क म्हणत होते, ती वेठ होती. १९२८ साली त्यांनी हा प्रश्न विधेयकाच्या रूपाने मुंबई कौन्सिलात नेला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ज्या महाराच्या कामाला घड्याळच नव्हते, त्याच्या कैवाऱ्याने गिरणीतल्या मजुराचे तास बांधून दिले, यात योगायोग नाही.

वतन खालसा करणारा कायदा १९५८ साली झाला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते. वतन गेले, तरी गटारात उतरण्याचे काम आजही बहुतेक आपल्याच माणसांच्या वाट्याला येते, तेही कंत्राटावर. म्हणून त्यांचे अर्थशास्त्र जयंतीच्या भाषणापुरते ठेवून चालणार नाही. ते वाचले पाहिजे आणि तोच हिशेब पुढे मागितला पाहिजे.