हिरकणीचा कडा आणि समुद्रावरचीं कबुतरें

महाड तालुक्यांत, रायगडाच्या अगदी पायथ्याशीं, हिरकणीवाडी नांवाची लहानशी वस्ती आहे. १९९६ सालीं गडावर जाणारा रज्जुमार्ग येथूनच सुरू झाला. त्यामुळें हल्लीं पुष्कळांना हें नांव तिकिटासाठीं रांगेंत उभें राहण्याचें ठिकाण म्हणूनच ठाऊक असतें. नांवामागची कथा मात्र महाराष्ट्रांतील घरोघरीं पोंचलेली आहे. गडावर दूध घालावयास गेलेली हिरकणी नांवाची गवळण. सायंकाळीं दरवाजे बंद झालेले. खालीं वाडींत पाळण्यांत तान्हें मूल. पहारेकरी हुकुमाबाहेर दार उघडीनात, तेव्हां जेथून दिवसाढवळ्याहि कोणी उतरण्याचें धाडस करीत नसे, त्या कड्यावरून ती बाई रात्रीं उतरून घरीं गेली. महाराजांनीं साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला, असें सांगतात. हिरकणी बुरूज आजहि उभा आहे. लोककथेपाशीं दप्तरांतला कागद मागूं नये. परंतु आईला घराकडे ओढून नेणारी जी गोष्ट त्या कथेंत सांगितली आहे, तिचा इतिहास मनुष्यजातीपुरताच नाहीं.

सह्याद्रीच्या अशा कड्यांवर दुसरेहि रहिवासी असतात. ते म्हणजे पारवे. तुटलेले कडे, गडांवरच्या पडक्या भिंती, जुन्या विहिरींच्या कपारी हीं त्यांचीं वतनाचीं घरें. माणसानें पाळलेल्या कबुतरांच्या जेवढ्या म्हणून जाती जगांत आहेत, त्या सर्वांचें मूळ हा रानपारवाच होय, असें डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें. त्यासाठीं त्यानें स्वतः कबुतरें पाळलीं होतीं. कड्यावर राहावयाचें, दाण्यासाठीं दूरच्या शेतांवर जावयाचें, आणि नेमकें आपल्याच कपारीला परत यावयाचें, हा पारव्याचा पिढीजात शिरस्ता. शिवाय कबुतरांना दूध असतें. हें ऐकून कोणास हंसूं येईल, पण तें खरें आहे. पिलें अंड्याबाहेर येण्याच्या सुमारास नर व मादी ह्या दोघांच्याहि गळ्याच्या थैलींत दह्यासारखा एक पदार्थ तयार होतो, आणि पहिले कांहीं दिवस पिलें केवळ त्यावर वाढतात. ज्याच्या घरट्यांत असें पिलूं आहे, त्या कबुतराचें चित्त बाहेर कोठेंहि रमत नाहीं.

कबूतर निरोप पोंचवितें, असें आपण म्हणतों. खरें पाहतां तें कोणाकडेहि निरोप घेऊन जात नाहीं. तें फक्त आपल्या घरीं जातें. म्हणूनच निरोप जेथें पाठवावयाचा असेल, तेथलेंच कबूतर आधीं टोपलींत घालून दूर न्यावें लागतें. ह्या एका ओढीवर माणसानें टपाल चालविलें, युद्धांत मदत घेतली, आणि पुढें समुद्रापलीकडून शर्यती लाविल्या.

पांखरांच्या स्वभावाचा समुद्रावर उपयोग करून घेण्याची युक्ति आपल्या देशांत फार जुनी आहे. महाडचा व्यापार पूर्वीं सावित्रीच्या पात्रांतून बाणकोटच्या मुखाशीं जोडलेला होता, आणि गांवाजवळच गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं आहेत. त्या धर्माच्या पाली ग्रंथांपैकीं दीघनिकायांत, केवट्टसुत्तांत, एक दृष्टांत आहे. समुद्रावर जाणारे व्यापारी तीर शोधणारा पक्षी बरोबर नेतात. जमीन दिसेनाशी झाली म्हणजे त्याला सोडतात. तो चारी दिशांस फिरतो, वर जातो. तीर दिसलें तर तिकडे निघून जातो, न दिसलें तर गलबतावर परत येतो. बावेरु-जातकांत हेंच काम कावळ्याकडे आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंहि सिंहलद्वीपाच्या खलाशांविषयीं लिहितांना, ते पक्षी बरोबर बाळगतात व त्यांच्या मागोमाग गलबत हांकतात, असें नमूद केलें आहे. येथें कबुतराचें नांव नाहीं हें खरें. पण भर समुद्रांत पांखराला सोडावयाचें आणि तें कोठें जातें इकडे डोळे लावून बसावयाचें, ह्या व्यवसायाची सुरुवात ही अशी आहे.

जमिनीवरचा एक दाखला महाराष्ट्राच्या सीमेवरचाच आहे. अकबराच्या दरबारीं २०,००० हून अधिक कबुतरें होतीं व त्यांत ५०० खाशांतलीं होतीं, असें अबुल फजल सांगतो. ह्या नादाला बादशहा इश्कबाजी म्हणे. जहांगिरानें त्याच्यापुढें पाऊल टाकलें. १६१७ सालीं मांडवगडास मुक्काम असतां, बगदादचे खलिफा कबुतरांकरवीं पत्रें पाठवीत, ही गोष्ट त्याच्या कानांवर आली, आणि त्यानें आपल्या कबूतरबाजांना तशीं कबुतरें तयार करण्याचा हुकूम दिला. आत्मचरित्रांत तो लिहितो कीं, मांडवगडाहून पहांटे सोडलेलीं कबुतरें पाऊस असतां दीड ते अडीच प्रहर दिवसास, आणि आभाळ स्वच्छ असतां बहुतेक एक प्रहर दिवसास व कांहीं तर चार घटका दिवसासच बऱ्हाणपुरास पोंचत. सरळ रेषेनें हें अंतर सुमारें ९० मैल भरतें. चार घटका म्हणजे ९६ मिनिटें. बादशहांच्या लेखणीला अतिशयोक्तीची संवय असते. परंतु हा हिशेब ताशी ५६ मैलांच्या आसपास येतो, आणि आजचें चांगलें शर्यतीचें कबूतर अनुकूल वाऱ्यावर तितकें उडतेंच.

शर्यतीचा खरा जन्म मात्र बेल्जममध्यें, एकोणिसाव्या शतकांत झाला. आगगाडी आली तेव्हां टोपल्या भरभरून कबुतरें शेंकडों मैलांवर नेऊन एकदम सोडणें सोपें झालें. १८८६ सालीं बेल्जमचा राजा लिओपोल्ड यानें इंग्लंडच्या राजघराण्यास कबुतरें नजर केलीं, आणि इंग्रज खाणकामगारांपासून राजपुत्रांपर्यंत सर्वांना हा नाद लागला. ही शर्यत इतर शर्यतींसारखी नव्हे. सर्वांचें निघण्याचें ठिकाण एक, पण पोंचण्याचें ठिकाण प्रत्येकाचें निराळें, कारण प्रत्येक कबूतर आपापल्या ढाबळींत जाणार. म्हणून कोण प्रथम पोंचलें हें न पाहतां, दर मिनिटास किती यार्ड अंतर कापलें, ह्यावर निकाल लावितात. पायांत क्रमांकाची रबरी कडी असे. पांखरूं ढाबळींत शिरतांच ती काढून मोहोरबंद घड्याळांत टाकावयाची. आतां तें काम विजेचें यंत्र करतें.

इंग्लंड हें बेट असल्यामुळें तेथील लांब पल्ल्याच्या शर्यतींत फ्रान्सकडून येणाऱ्या कबुतराला समुद्र ओलांडावाच लागतो. तो कोठें २१ मैल, कोठें शंभराहून अधिक मैल रुंद. कबुतराला समुद्र मुळींच आवडत नाहीं. तें पाण्यावर उतरूं शकत नाहीं, खारें पाणी त्याच्या उपयोगाचें नाहीं, दमलें तरी टेकावयास फांदी नाहीं. खालीं डोंगर, नदी, रस्ता अशी एकहि खूण नाहीं. मग तें वाट काढतें कशी? जर्मन शास्त्रज्ञ क्रामर यानें १९५० च्या सुमारास पक्षी सूर्यावरून दिशा ओळखतात हें सिद्ध केलें. अमेरिकेंत कीटन यानें १९७१ सालीं कबुतरांवर लहान लोहचुंबक बांधून पाहिले, तेव्हां उन्हांत तीं नीट परतलीं, पण ढगाळ दिवशीं गोंधळलीं. इटलींतील पापी यानें १९७२ सालीं वासाची उपपत्ति मांडली. ह्या तिघांचे अनुयायी अजून वाद घालीत आहेत. कबूतर बहुधा सर्वच साधनें वापरीत असावें. शहाणा वाटाड्या एकाच खुणेवर विसंबत नाहीं.

१९१३ सालीं रोमहून इंग्लंडास कबुतरें सोडण्यांत आलीं. ह्या शर्यतींत डर्बी शहरच्या चार्ली हडसन नांवाच्या साध्या गृहस्थाचें कबूतर १,००१ मैलांचें अंतर तोडून, आल्प्स आणि समुद्र ओलांडून, घरीं आलें. बहुतेक कबुतरें वाटेंतच गेलीं. हें एक आलें म्हणून त्याचें नांव ‘रोमचा राजा’ पडलें, आणि मेल्यावर पेंढा भरून तें डर्बीच्या पदार्थसंग्रहालयांत ठेविलें गेलें. न आलेल्यांना कोणी नांवें ठेविलीं नाहींत.

कबूतर लवकर परत यावें म्हणून शर्यतवाले जी युक्ति करतात, ती ऐकून मन घुटमळतें. जोडीला घरटें करूं द्यावयाचें. अंडीं उबविण्यास सतरा-अठरा दिवस लागतात. नर सकाळ उलटल्यापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत बसतो, बाकीचा वेळ मादी. अंडीं फुटण्याच्या बेतांत आलीं, किंवा पिलूं चार-आठ दिवसांचें झालें, म्हणजे नेमक्या त्या वेळीं मादीला उचलून टोपलींत घालावयाचें. पिलूं लहान असेल तितकी ओढ जास्त, हें शर्यतवाल्याला पुरें ठाऊक असतें. नरांसाठीं बेल्जममध्यें दुसरी तऱ्हा निघाली. त्याला जोडीदारणीपासून आठवडाभर वेगळा ठेवावयाचा, आणि शर्यतीस नेण्यापूर्वीं कांहीं क्षण ती दाखवावयाची. कबुतरांचे हे मालक क्रूर असतात असें मात्र म्हणतां येणार नाहीं. ते पांखरांचे दाणे निवडतात, आजारांत रात्री जागवितात, शर्यतीच्या दिवशीं आभाळाकडे पाहून पाहून त्यांची मान अवघडते. पण हिरकणीला संध्याकाळपर्यंत गडावर मुद्दाम थांबवून घ्यावें आणि ती किती वेळांत कडा उतरते तें घड्याळ लावून पाहावें, असाच हा प्रकार आहे, हें नाकारतां येत नाहीं.

हीच ओढ माणसांच्या जिवावर उपकार करून गेली, असाहि प्रसंग आहे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज विमानांतून कबुतरें नेत असत. १९४२ च्या फेब्रुवारींत नॉर्वेकडून परतणारें एक विमान उत्तर समुद्रांत कोसळलें. चार वैमानिक गोठविणाऱ्या थंडींत रबरी होडींत अडकले. आपण कोठें आहों हें कळविण्याचें साधन नाहीं. विमानांतलें विंकी नांवाचें कबूतर, ती मादी होती, तेलानें माखलेल्या पंखांनीं निसटलें आणि सुमारें १२० मैल समुद्र ओलांडून स्कॉटलंडांत डंडीजवळ आपल्या ढाबळीला येऊन पडलें. त्याच्या पायाला चिठ्ठीसुद्धां नव्हती. विमान पडल्याची वेळ, कबूतर पोंचल्याची वेळ, वाऱ्याचा जोर, आणि पंखांवरचें तेल वेग किती कमी करील ह्याचा अंदाज, एवढ्यावर अधिकाऱ्यांनीं त्रैराशिक मांडून जागा ठरविली, आणि चौघेहि जिवंत सांपडले. १९४३ सालीं प्राण्यांच्या शौर्यासाठीं डिकिन पदक नव्यानें निघालें. पहिल्या तीन मानकऱ्यांत विंकी होती, आणि ते तिन्ही मानकरी कबुतरेंच होते.

आपल्याकडे पोलिसी कबुतरांचा मान ओरिसाचा. १९४६ सालीं लष्कराकडून २०० कबुतरें घेऊन कोरापुटच्या डोंगराळ मुलखांत तेथील पोलिसांनीं ही डाक सुरू केली. १९९९ च्या महावादळांत तारा व बिनतारी दोन्ही बंद पडल्या, तेव्हांहि ती उपयोगी पडली. त्यानंतरच्या दशकांत ती डाक बंद झाली. चेन्नई, बंगळूर, कोलकाता येथें शर्यती होतात, त्या जमिनीवरून. कोंकणच्या किनाऱ्यास पश्चिमेकडून समुद्रपार शर्यत लावणें मात्र शक्य नाहीं. मुंबईहून मस्कत सुमारें ९७० मैल, आणि मध्यें टेकावयास खडकहि नाहीं. आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे हाच समुद्र दर वर्षीं ओलांडतात, पण ते थव्यांनीं, पाठीशीं वारा घेऊन, आपल्या ऋतूप्रमाणें जातात. त्यांना कोणी टोपलींत घालून नेलेलें नसतें.

समुद्रावरच्या शर्यतींतील मोठा घात १९९७ च्या जूनमध्यें झाला. इंग्लंडांतील कबूतर-शर्यतींच्या मुख्य संस्थेच्या शताब्दीनिमित्त फ्रान्समधील नांत येथून सुमारें ६०,००० कबुतरें सोडण्यांत आलीं. सकाळीं सर्व ठीक होतें. दुपारपर्यंत पहिलीं कबुतरें यावयास हवीं होतीं. थोडींशीं आलीं, आणि मग आभाळ रिकामेंच राहिलें. हजारों कबुतरें कधींच परत आलीं नाहींत. पुढें हॅगस्ट्रम नांवाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें असें मांडलें कीं, माणसाच्या कानाला न ऐकूं येणाऱ्या अतिमंद ध्वनीवरूनहि कबुतरें घर ओळखतात, आणि त्या सकाळीं तीं खाडीवर असतांनाच पॅरिसहून निघालेल्या काँकर्ड विमानाच्या हादऱ्यानें तीं बहिरीं झालीं असावीं. हें सर्वांनीं मान्य केलेलें नाहीं.

हिरकणीच्या कथेंत महाराजांनीं बुरूज बांधविला तो शत्रूनें त्या वाटेनें चढूं नये म्हणून, असें कोणी सांगतात. पुन्हां कोणा आईवर ती वाट धरण्याची पाळी येऊं नये म्हणून, असेंहि सांगणारे आहेत. नांतच्या शर्यतीनंतर खाडीवरच्या शर्यती बंद झाल्या नाहींत. पुढल्या उन्हाळ्यांत टोपल्या पुन्हां भरल्या.