तारे इतके कमी का?

दिवाळीत रात्री उशिरा पूर्वेला मृग नक्षत्र वर येते. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली धूसर ठिपका दिसतो, तिथे आजही तारे जन्मत आहेत. तारे कसे जन्मतात, या प्रश्नाचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आले की वाटेत प्रश्नच उलटला आहे.

१९०२ मध्ये जेम्स जीन्स यांनी हिशेब मांडला. वायुमेघाला गुरुत्व आत ओढते, उष्णतेचा दाब बाहेर रेटतो. मेघ ठरावीक मर्यादेहून मोठा असला की तो ढासळतो. वायूतली खळबळ या हिशेबात नव्हती. ती १९५१ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी धरली. खळबळही दाबासारखाच रेटा देते, म्हणून ही मर्यादा वाढते, असे त्यांनी दाखवले. तेव्हा हे पडताळून पाहण्याजोगी मोजमापे नव्हती.

ती १९७० नंतर आली. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांना मृगातल्या तेजोमेघाच्या दिशेने कार्बन मोनॉक्साइडची रेडिओरेषा सापडली. पुढे ती अनेक मेघांत मिळाली. हे मेघ बहुतांशी शून्याखाली २६० अंश इतके थंड. त्यांत ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ किलोमीटर, रेषांची रुंदी मात्र त्याच्या कित्येक पट वेग सांगत होती. १९७४ मध्ये गोल्डराइख आणि क्वान म्हणाले, मेघ ढासळत आहेत. झुकरमन आणि इव्हान्स यांनी त्याच वर्षी हे नाकारले. सगळे मेघ मुक्तपणे ढासळते, तर आपल्या आकाशगंगेत वर्षाला कितीतरी अधिक सूर्यांच्या वस्तुमानाचे तारे घडले असते. घडतात सुमारे दोन सूर्यांएवढे. आता विचारायचे होते ते हे, की तारे इतके कमी का?

१९८१ मध्ये लार्सन यांनी दाखवले की मेघ जितका मोठा तितका आतला वेग जास्त. खळबळीचे हेच लक्षण. ती मेघाला सावरते, असे मानले जाऊ लागले. पण १९९८ च्या सुमारास संगणकी प्रारूपांतून दिसले की अशी खळबळ लवकर विरते. मग तिला सतत ढवळते कोण? काही वाटा ताऱ्यांच्या स्फोटांचा आहे. काही संशोधक मात्र दाखवतात की दीर्घिकेत केंद्राकडे ओढला जाणारा, ढासळणारा वायूच खळबळ उठवतो. म्हणजे गुरुत्वाला अडवणारी शक्ती गुरुत्वच पोसते.

म्हणून १९७४ चा वाद मिटला असे मला वाटत नाही. जीन्स आणि चंद्रशेखर यांनी समोरासमोर मांडलेल्या दोन बाजू कदाचित पूर्णपणे वेगळ्या नसाव्यात.