खड्याचं घर पारखून घ्या

आज हिवरे बाजार आणि आसपासच्या बचत गटांशी बोलायचंय ते दागिन्यातल्या खड्याबद्दल. त्याहून जास्त, खडा ज्यात बसवतात त्या घराबद्दल.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या भागातली माणसं कामासाठी गाव सोडून गेली. पुढे १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, माथ्यावरचं पाणी अडलं, दूध आणि कांदा पिकवून हातात पैसा येऊ लागला. तरी अडीनडीला बाईच्या अंगावरचं सोनंच कामी येतं. म्हणून ते घेतानाच पारखायचं.

आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. ती तीन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा दोरा होता रेशीम-कापसाचा. म्हणजे दागिना आधी ओवला गेला. आपल्या नथीतले मोतीही तारेत ओवलेलेच असतात. तार झिजली की मोती गेला.

दुसरी रीत कोंदणाची. सोन्याच्या पत्र्याचं पोकळ घर करतात, आत लाख भरतात, खड्यामागे चकचकीत पत्रा ठेवतात आणि शुद्ध, मऊ सोनं खड्याच्या कडेनं दाबून बसवतात. खड्याला आच लागत नाही. पण मागची बाजू बंद असते, आत लाख किती हे दिसत नाही. पाणी-साबण आत गेला की खडा काळवंडतो.

तिसरी रीत परदेशातून आली. १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीनं हिरा सहा नखांवर उचलून धरणारी अंगठी काढली. खालून उजेड येतो, खडा चमकतो. पण नख वाकलं की खडा पडतो. शेतात, गोठ्यात राबणाऱ्या हाताला चारी बाजूंनी सोन्याची कड असलेलं घरच बरं.

आता पैशाचं. सोन्यावर हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. मात्र कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे जिथं लाख आणि खडे जास्त, तिथंच शिक्क्याची सक्ती नाही! अशा वेळी पावतीच आपला आधार.

तेव्हा दुकानात एवढं कराच. दागिना कानाशी धरून हलवा, खडखड ऐकू आली तर घेऊ नका. सुती पदरावरून फिरवा, धागा अडकला तर नख उचललेलं आहे. पावतीवर एकूण वजन, खड्यांचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. सोनं किती कॅरेटचं तेही लिहून घ्या. मोडीला किंवा तारणाला गेलात की निव्वळ सोनंच मोजलं जातं. खडे आणि लाख सोन्याच्या भावानं घेतली असेल, तर तो तोटा त्या दिवशी कळतो.

गटाच्या पुढच्या बैठकीला आपापल्या पावत्या घेऊन या. एकमेकींच्या वाचून बघू.