उलट करा, मिळवा आणि १९६

संगणकाची भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही धड्यांतच एक उदाहरण हमखास मिळते: दिलेल्या संख्येचे अंक उलट क्रमाने लिहा. संख्येला १० ने भागायचे, बाकी उरते तो शेवटचा अंक. तयार होत असलेल्या उलट्या संख्येला १० ने गुणून हा अंक तीत मिळवायचा, आणि भागाकार शून्य होईपर्यंत हेच करीत राहायचे. (१२० चे मात्र २१ होतात, वर्गात यावरून वाद होतो आणि तो होऊ द्यावा, असे आम्हाला वाटते.)

यात एक पायरी वाढवू. उलटी संख्या मूळ संख्येत मिळवू. ८७ घेतल्यास १६५, ७२६, १३५३ आणि मग ४८८४ येते. ही संख्या दोन्हीकडून सारखीच, म्हणून थांबायचे. ८९ ला २४ बेरजा लागतात आणि येते ८८१३२०००२३१८८. विद्यार्थ्याची आज्ञावली बहुधा त्याआधीच चुकीची उत्तरे देऊ लागते, कारण ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ हून मोठी संख्या मावत नाही. मग एकेक अंक सुट्या खणात ठेवून हातचा आपणच सांभाळावा लागतो. थोडक्यात, संगणकाला तिसरीतली बेरीज शिकवावी लागते!

प्रत्येक संख्या अशी कधी ना कधी थांबते, असा समज होता. १९६७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ट्रिग यांनी त्यावर शंका घेतली. १०,००० च्या आतल्या २४९ संख्या १०० बेरजांनंतरही थांबत नव्हत्या. त्यांतली सर्वांत लहान १९६. ऑगस्ट १९८७ मध्ये जॉन वॉकर यांनी संगणकाच्या रिकाम्या वेळात १९६ ची बेरीज चालू ठेवली. २४ मे १९९० रोजी, २४,१५,८३६ व्या फेरीत, संख्या १० लाख अंकी झाली आणि ठरल्याप्रमाणे यंत्र थांबले. २०१५ पर्यंत इतरांनी ती १०० कोटी अंकांपर्यंत नेली. इतक्या मेहनतीतून सिद्ध मात्र काहीच झाले नाही.

द्विमान पद्धतीत गोष्ट निराळी आहे. तेथे २२ म्हणजे १०११०. चार बेरजांनंतर १०११०१०० येते, आणखी चारांनंतर १०१११०१०००. पुढे दर चार बेरजांनी मधला एक १ आणि शेवटचा एक ० वाढत जातो, साचा तोच राहतो. म्हणून ही संख्या कधीच थांबणार नाही, हे कागदावर सिद्ध करता येते. दशमान पद्धतीत १९६ साठी असा साचा अजून कोणालाही सापडलेला नाही.