घरपट्टी मालकाची, भार कुणाचा?

घरमालकाचा कर वाढला की भाडं वाढतं आणि कर उतरला की भाडं उतरतं, असं साधं गणित आपण गृहीत धरतो. मुंबईचा इतिहास मात्र या गणितात बसत नाही.

१८८८च्या महापालिका कायद्याने इथली घरपट्टी भाड्याला बांधली. घर वर्षाला जितक्या भाड्याने जाऊ शकेल, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे. उरेल ते करपात्र मूल्य. भाडी वाढली की पालिकेची तिजोरीही भरायची.

मग महायुद्धं आली, घरांची टंचाई झाली. १९१८मध्ये भाड्यांवर पहिलं नियंत्रण आलं आणि १९४७च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. गिरणी कामगाराला, कारकुनाला त्याने मोठा आधार दिला, हे विसरून चालणार नाही. पण भाडं गोठलं तसा करही गोठला. कायद्याने ठरवलेल्या भाड्यापेक्षा जास्त भाडं मालकाला घेताच येत नसेल, तर कर तरी जास्त भाडं धरून कसा लावणार? सर्वोच्च न्यायालयानेही वेगवेगळ्या शहरांच्या खटल्यांत हेच म्हटलं.

मालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला. चाळींचे जिने खचले, घरं कोसळू लागली. अखेर १९६९मध्ये सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. ‘सेस बिल्डिंग’ हा शब्द तिथून आला. गंमत म्हणजे, या उपकराचा मोठा भाग मालकाला भाडेकरूंकडून वसूल करता येई. म्हणजे भाडं कागदावर जागच्या जागी, पण दुरुस्तीचा खर्च बिऱ्हाडाच्या दारात!

शहरात नव्याने येणाऱ्याची कथा आणखी वेगळी. स्वस्त खोली सोडायला कोण तयार होणार? ती हवी असेल तर पागडी मोजा. १९४७च्या कायद्याने हा व्यवहार गुन्हा ठरवला होता, तरी तो सर्रास चाले. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्याला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभाही दिली. गोठवलेल्या भाड्यातला फरक हवेत विरला नव्हता. आत बसलेल्याची बचत झाली, बाहेर उभ्या असलेल्याला एकरकमी किंमत मोजावी लागली.

२०१०पासून मुंबईने भाड्याचा धागा तोडून भांडवली मूल्यावर कर लावायला सुरुवात केली. २०२२मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट मिळाली. तुम्ही अशाच वन आरकेमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल, तर ती सूट तुमच्यापर्यंत आपोआप पोचत नाही. एका घरामागे दहा जण रांगेत असताना मालक भाडं का उतरवेल? आणि रिकामी घरं जास्त, माणसं कमी असतील, तर वाढलेला कर त्यालाच सोसावा लागेल.

कराचं बिल कुणाच्याही नावाने येवो, त्याचा भार शेवटी ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही त्याच्यावर पडतो. म्हणून घरपट्टीतल्या सवलतीची बातमी वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा: यातून भाड्याने मिळणारं एक तरी घर वाढलं का?